पराभूतांचा इतिहासकार

इतिहास हा नेहमी जेत्यांचाच असतो, अशी एक समजूत आहे. दोनशे वर्षे इटलीच्या मोठ्या भूभागावर राज्य करून अस्तंगत झालेल्या लोम्बार्ड लोकांच्या बाबतीत ती खरी ठरली नाही. त्यांचा इतिहास त्यांच्यातल्याच एका मठवासीयाने लिहिला. तोही त्यांना जिंकणाऱ्या सम्राटाच्या दरबारात काही वर्षे घालवून परतल्यावर. पॉल डीकन या नावाने जग ज्याला ओळखते, त्या इतिहासकाराची ही जीवनकथा.

आठव्या शतकाच्या मध्यावरची गोष्ट. उत्तर इटलीतील पाविया ही लोम्बार्डांची राजधानी. सणाचा दिवस होता. राजवाड्यात मेजवानी सुरू होती आणि राजा रातकिस आपल्या पाहुण्यांना एक पेला हातात धरून दाखवत होता. पेला साधासुधा नव्हता. तो माणसाच्या कवटीपासून बनवलेला होता. लोम्बार्डांना इटलीत आणणारा राजा आल्बोइन याने आपल्या शत्रूला, गेपिड टोळीच्या कुनिमुंड राजाला, इ. स. ५६७ मध्ये ठार मारून त्याच्या मस्तकाचा हा पेला करवून घेतला होता. त्या घटनेला पावणेदोनशेहून अधिक वर्षे उलटली होती. लोम्बार्ड आता ख्रिस्ती झाले होते, लॅटिन लिहू लागले होते, चर्च आणि मठ बांधत होते. पण तो पेला अजून राजाच्या संग्रही होता आणि सणासुदीला बाहेर निघत होता.

पाहणाऱ्यांमध्ये पॉल नावाचा एक तरुण होता. आयुष्याच्या अखेरीस त्याने लोम्बार्डांचा इतिहास लिहिला, तेव्हा हा प्रसंग सांगताना ख्रिस्ताची शपथ घेऊन त्याने नमूद केले, की तो पेला आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. वाचकाला ही दंतकथा वाटेल, याची त्याला कल्पना असावी. एका रानटी टोळीचे सुसंस्कृत राज्य कसे झाले आणि ते कसे बुडाले, याचा साक्षीदार म्हणून त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. त्याच्या घराण्याचा इतिहास आणि त्या राज्याचा इतिहास एकाच दिवशी सुरू झाला होता.

पॉलचा जन्म इ. स. ७२० ते ७३० या दशकात ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रांतात झाला. आल्प्सच्या पायथ्याशी असलेले चिविदाले हे तेथील मुख्य नगर. रोमन काळात त्याचे नाव ज्यूलियस सीझरच्या नावावरून पडले होते आणि फ्रिउली हे प्रांताचे नावही त्याचाच अपभ्रंश आहे. वडिलांचे नाव वार्नेफ्रिट, आईचे थिओडेलिंडा. त्याचा खापरपणजोबा लेउपकिस हा आल्बोइनबरोबर इ. स. ५६८ मध्ये इटलीत उतरलेल्या लोकांपैकी एक होता.

हे लोक आले कोठून? त्यांच्या स्वतःच्या परंपरेप्रमाणे ते मूळचे स्कँडिनेव्हियाचे. रोमन लेखकांना पहिल्या शतकात ते एल्ब नदीच्या खालच्या खोऱ्यात आढळले. पुढच्या काही शतकांत ते हळूहळू दक्षिणेकडे सरकत आजच्या हंगेरीच्या पश्चिम भागात, म्हणजे पॅनोनियात, येऊन स्थिरावले. तेथे त्यांचे गेपिड लोकांशी हाडवैर जडले. आल्बोइनने पूर्वेकडून आलेल्या आवार या अश्वारोही टोळीशी संगनमत करून गेपिडांचा निकाल लावला. परंतु आवारांसारखा शेजारी गेपिडांहूनही धोक्याचा होता. आल्बोइनने पॅनोनिया आवारांच्या हवाली केले आणि ५६८ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सणानंतर, बायकामुले, गुरेढोरे आणि सामानसुमान घेऊन संपूर्ण टोळी इटलीकडे निघाली.

इटली त्या वेळी दमलेली होती. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन याने गॉथांकडून ती परत मिळवण्यासाठी जवळजवळ वीस वर्षे युद्ध केले होते. त्यात शहरे ओस पडली होती; पाठोपाठ प्लेगची साथ येऊन गेली होती. लोम्बार्डांना फारसा प्रतिकार झालाच नाही. फक्त पावियाने तीन वर्षे वेढा सोसला. फ्रिउली हा त्यांनी घेतलेला पहिला प्रांत. तेथे आल्बोइनने आपला पुतण्या गिसुल्फ याला ड्यूक, म्हणजे प्रांताचा सरदार नेमले आणि त्याच्याबरोबर निवडक कुळे वसवली. पॉलचे घराणे फ्रिउलीचे झाले ते असे.

आल्बोइनला मात्र विजयाचे सुख फार काळ लाभले नाही. कुनिमुंडची मुलगी रोझामुंड हिच्याशी त्याने लग्न केले होते. व्हेरोना येथील एका मेजवानीत त्याने तिला तिच्याच पित्याच्या कवटीतून मद्य पिण्यास सांगितले. तिने सूड मनात धरला आणि राजाच्या जवळच्या माणसांना फितवून ५७२ मध्ये त्याचा खून करवला. राजाची तलवार आधीच पलंगाला घट्ट बांधून ठेवलेली होती. पाय ठेवण्याच्या चौरंगाने त्याने काही काळ स्वतःचा बचाव केला, असे पॉल सांगतो. पुढच्या राजाचाही दीड-दोन वर्षांत खून झाला आणि त्यानंतर दहा वर्षे लोम्बार्डांनी राजाच नेमला नाही. प्रत्येक ड्यूक आपापल्या शहराचा धनी झाला. या राज्याच्या ऱ्हासाचे बीज शोधायचे तर ते येथेच सापडते. टोळीचे सरदार राजापुढे वाकायला कधीच मनापासून तयार नव्हते. स्पोलेतो आणि बेनेव्हेंतो या दक्षिणेतील मोठ्या ड्यूकांच्या प्रदेशांना तर उत्तरेकडील राज्यापासून रोम आणि रावेना यांना जोडणारा बायझंटाइन सत्तेचा पट्टा वेगळे करत असे. इटली कधीही पूर्णपणे लोम्बार्डांची झाली नाही.

पॉलच्या घराण्यावर खरे संकट कोसळले ते सातव्या शतकाच्या आरंभी. ज्या आवारांना आल्बोइनने पॅनोनिया देऊन टाकले होते, तेच सुमारे ६१० मध्ये फ्रिउलीवर चालून आले. ड्यूक रणांगणात पडला, नगर शत्रूच्या हाती गेले आणि बायकामुलांना गुलाम करून पॅनोनियाकडे नेण्यात आले. लेउपकिस तोवर मरण पावला होता. त्याचे पाच मुलगेही या कैद्यांत होते. चौघे कायमचे तेथेच राहिले. पाचवा, लोपिकिस, म्हणजे पॉलचा पणजोबा, मोठा झाल्यावर धनुष्य, बाणांचा भाता आणि थोडी शिदोरी घेऊन पळाला.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ही कथा पॉलने आपल्या इतिहासात मोठ्या मायेने लिहून ठेवली आहे. लोपिकिसला वाट ठाऊक नव्हती. वाटेत एक लांडगा त्याच्यापुढे चालू लागला. तो थांबला की लांडगाही थांबे. डोंगरातून असे काही दिवस गेल्यावर शिदोरी संपली. भुकेने कासावीस झालेल्या लोपिकिसने त्या लांडग्यावरच बाण रोखला, तसा तो दिसेनासा झाला. मग जिवाची आशा सोडून तो जमिनीवर पडला असता स्वप्नात कोणीतरी त्याला पाय वळले आहेत त्या दिशेने चालू लागण्यास सांगितले. पुढे स्लाव लोकांच्या वस्तीत एका वृद्ध स्त्रीने त्याला लपवून ठेवले आणि एकदम पोटभर न देता थोडेथोडे खाऊ घालून वाचवले. शेवटी तो घरी पोहोचला, तेव्हा घरावर छप्पर नव्हते. आत काटेरी झुडपे माजली होती. ती तोडल्यावर भिंतींच्या आत उगवलेला ॲश वृक्ष दिसला. लोपिकिसने आपला भाता त्या झाडाला अडकवला. नातेवाइकांनी मदत केली, घर पुन्हा उभे राहिले, लग्न झाले. पण वडिलांची जी मालमत्ता दुसऱ्यांनी बळकावली होती, ती त्याला परत मिळाली नाही. त्याचा मुलगा आरिकिस, आरिकिसचा वार्नेफ्रिट आणि वार्नेफ्रिटचा पॉल. कैदेतून सुटून परत घर उभारणे ही या घराण्याची मूळ कथा होती. तिची पुनरावृत्ती आपल्याच पिढीत होणार आहे, हे लहानपणी ती ऐकणाऱ्या पॉलला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

लोपिकिस आणि पॉल यांच्यामधल्या सव्वाशे वर्षांत लोम्बार्डांचे रूप पालटले. बव्हेरियाहून आलेली राणी थिओडेलिंडा हिचा या बदलात मोठा वाटा होता. पहिला पती ऑथारी ५९० मध्ये वारल्यावर तिने आगिलुल्फ याच्याशी विवाह केला आणि तो राजा झाला. लोम्बार्डांपैकी काही जण अजून मूर्तिपूजक, तर बरेचसे रोमला मान्य नसलेल्या एरियन पंथाचे होते. थिओडेलिंडाने पोप ग्रेगरी यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला, मोंझा येथे चर्च बांधले आणि तेथील राजवाड्याच्या भिंतींवर आपल्या लोकांचे पराक्रम चितारून घेतले. दीडशेहून अधिक वर्षांनी पॉलने त्या चित्रांवरूनच आपल्या पूर्वजांच्या पेहरावाचे वर्णन केले : मानेवरचे केस भादरलेले, पुढचे केस भांग पाडून दोन्ही गालांवर सोडलेले, अंगात सैल तागाची वस्त्रे आणि पायांत अंगठ्यापर्यंत उघडी पादत्राणे. ती चित्रे आज नाहीत. वर्णन तेवढे उरले आहे.

राजा रोथारीने २२ नोव्हेंबर ६४३ रोजी लोम्बार्डांचे कायदे प्रथमच लेखी स्वरूपात जाहीर केले. त्यांत ३८८ कलमे होती आणि भाषा लॅटिन होती. कोणी कोणाचे बोट तोडले, दात पाडला किंवा जीव घेतला, तर किती भरपाई द्यायची, हे त्यात तपशीलवार ठरवून दिले होते. आज वाचताना हा दरपत्रकासारखा प्रकार वाटतो. पण त्यामागचा हेतू गंभीर होता. रक्ताचा बदला रक्ताने घेण्याची पिढीजात प्रथा थांबवायची, तर मानी माणसाला पत्करता येईल असा दुसरा मार्ग देणे भाग होते. कवटीच्या पेल्यापासून कलमबद्ध कायद्यापर्यंतचा हा प्रवास लोम्बार्डांनी जेमतेम पाऊणशे वर्षांत केला. ७१२ ते ७४४ या काळात राज्य करणाऱ्या ल्युटप्रांडच्या कारकिर्दीत त्यांची सत्ता कळसाला पोहोचली. पॉलचे बालपण याच राजाच्या अमदानीत गेले.

ल्युटप्रांडनंतर लवकरच सिंहासनावर आलेला रातकिस हा मूळचा फ्रिउलीचा ड्यूक. आपल्या प्रांतातील चांगल्या घरची मुले त्याच्याबरोबर पावियाला आली असावीत. पॉलचे शिक्षण तेथेच फ्लेव्हियानस या व्याकरणकाराच्या हाताखाली झाले. लॅटिन साहित्य, धर्मग्रंथ आणि थोडेफार ग्रीक त्याने आत्मसात केले. ७४९ मध्ये रातकिसने राज्यत्याग केला आणि तो मोंते कासिनोच्या मठात गेला. त्याचा भाऊ आइस्तुल्फ राजा झाला आणि ७५१ मध्ये त्याने बायझंटाइनांचे इटलीतील मुख्य ठाणे रावेना जिंकून घेतले.

लोम्बार्डांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता आणि त्यातच त्यांचा घात झाला. रावेना पडल्यावर पुढची पाळी रोमची, हे उघड होते. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट मदतीला येत नाही, हे पाहून पोप स्टीफन दुसरे ७५३ च्या हिवाळ्यात आल्प्स ओलांडून फ्रँकांचा राजा पेपिन याच्याकडे गेले. त्याने ७५४ आणि ७५६ अशा दोनदा इटलीवर स्वारी करून आइस्तुल्फला नमवले. पोप आणि फ्रँक यांची ही युती पुढे हजार वर्षे युरोपच्या राजकारणाला पुरली. तिचा पहिला बळी लोम्बार्ड ठरले.

आइस्तुल्फनंतर ७५७ मध्ये देसिदेरियस राजा झाला. त्याने लेकींच्या सोयरिकींतून राज्य सांभाळण्याचा प्रयत्न केला. एक मुलगी आदेलपेर्गा बेनेव्हेंतोच्या ड्यूक आरेकिसला दिली. दुसरी ७७० मध्ये पेपिनचा मुलगा शार्लमेन याला. यांपैकी आदेलपेर्गा ही पॉलची शिष्या. ती विदुषी होती. ७६३ मध्ये पॉलने जगाच्या कालगणनेवर एक कविता रचली आणि तिच्या कडव्यांच्या आद्याक्षरांत आदेलपेर्गेचे नाव गुंफले. पुढे त्याने तिला युट्रोपियसचा रोमचा संक्षिप्त इतिहास वाचायला दिला. तो तिला फारच त्रोटक वाटला, शिवाय त्यात ख्रिस्ती धर्माचा उल्लेख नाही, हेही तिला खटकले. तेव्हा पॉलने त्यात भर घालून आणि पुढचे सहा भाग स्वतः लिहून तो जस्टिनियनच्या काळापर्यंत आणून सोडला. मध्ययुगात रोमचा इतिहास शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हेच पुस्तक वाचले. एका शिष्येच्या तक्रारीतून ते जन्मले होते.

दुसऱ्या मुलीचे नशीब मात्र खडतर निघाले. वर्षभरातच शार्लमेनने तिला माहेरी परत पाठवले. पाठोपाठ शार्लमेनचा भाऊ कार्लोमन वारला आणि त्याची विधवा मुलांसह देसिदेरियसच्या आश्रयाला आली. देसिदेरियसने तिच्या मुलांचा हक्क पुढे केला, पोपच्या ताब्यातील शहरे घेतली आणि पोप एड्रियन पहिले यांनी शार्लमेनला हाक दिली. ७७३ मध्ये फ्रँक सैन्य आल्प्सच्या खिंडींतून उतरले. अनेक लोम्बार्ड सरदार लढण्याआधीच फुटले. पाविया सुमारे नऊ महिने झुंजून जून ७७४ मध्ये शरण आले. देसिदेरियसची रवानगी फ्रँकांच्या देशातील एका मठात झाली. त्याचा मुलगा आदेलकिस कॉन्स्टँटिनोपलला पळाला. शार्लमेनने राज्य खालसा करण्याऐवजी त्याचा मुकुट स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतःला फ्रँक व लोम्बार्ड यांचा राजा म्हणवून घेऊ लागला. दोनशे सहा वर्षांची सत्ता संपली.

दोन वर्षांनी, ७७६ मध्ये, फ्रिउलीचा ड्यूक रोडगाउड याने बंड केले. ते शार्लमेनने तातडीने मोडून काढले. पॉलचा भाऊ या बंडानंतर कैद झाला, असे इतिहासकार मानतात. आजोबांचेच आरिकिस हे नाव त्याला मिळाले होते. आता पणजोबांची कैदही त्याच्या वाट्याला आली. घरदार जप्त झाले. त्याला फ्रँकांच्या देशात नेण्यात आले.

पॉल तोवर मोंते कासिनोचा मठवासी झाला होता. पाश्चात्त्य मठपरंपरेचे जनक संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापलेला हा मठ. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत लोम्बार्डांनी एका रात्री त्यावर छापा घालून तो उद्ध्वस्त केला होता. मठवासी आपल्या नियमावलीची पोथी, भाकरी तोलायचे वजन आणि मद्य मोजायचे माप एवढेच घेऊन रोमला निसटले होते. सुमारे सव्वाशे वर्षे तो डोंगर ओसाड राहिला आणि मग तो पुन्हा वसवणारा पेत्रोनाक्स लोम्बार्डांच्याच राज्यातील ब्रेशा शहराचा निघाला. आपल्या पूर्वजांनी लुटलेल्या मठात पॉलने आयुष्य घालवले आणि त्या लुटीची हकिकतही काहीही न लपवता लिहिली.

भाऊ सहा-सात वर्षे कैदेत असताना, ७८२ च्या सुमारास, पॉलने शार्लमेनला एक विनंतीकाव्य पाठवले. लॅटिन कवितेचे सारे नियम पाळून लिहिलेला तो एका घराचा आक्रोश होता. भावाची बायको चार मुलांसह रस्तोरस्ती भीक मागत आहे. मुलांच्या अंगावर धड कपडे नाहीत. मठात राहणाऱ्या बहिणीची दृष्टी रडून रडून अधू झाली आहे. घरात होते नव्हते ते सर्व गेले आहे. शिक्षा अन्यायाची होती, असे पॉल कोठेही म्हणत नाही. तो केवळ दया मागतो आणि भावाला थोडी मालमत्ताही परत मिळावी, अशी याचना करतो. त्यासाठी तो स्वतः आल्प्स ओलांडून उत्तरेला गेला. भावाची अखेर सुटका झाली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु शार्लमेनने पॉललाच चार-पाच वर्षे ठेवून घेतले.

शार्लमेनला या काळात युरोपभरचे विद्वान हवे होते. इंग्लंडचा आल्क्विन, इटलीतील पीसा येथील व्याकरणकार पीटर हे त्याच्या दरबारात होते. पीटरने राजाच्या वतीने पद्यातून पॉलची होमर आणि व्हर्जिलशी तुलना करत स्तुती केली. पॉलने पद्यातूनच ती नाकारली आणि आपले ग्रीक शाळकरी पोराइतकेच आहे, असे सांगितले. राजाची मुलगी रोट्रुड हिचा विवाह बायझंटाइन युवा सम्राटाशी ठरलेला असल्याने तिच्याबरोबर जाणाऱ्या धर्मगुरूंना ग्रीक शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. वागणूक सन्मानाची होती. मन मात्र रमत नव्हते. मोझेल नदीच्या परिसरातून आपल्या मठाधिपतींना धाडलेल्या पत्रात त्याने मठाच्या तुलनेत हा राजवाडा आपल्याला तुरुंग वाटतो, अशी कबुली दिली. एका नाताळात आजच्या फ्रान्समधील थिओनव्हिल येथे त्याने उन्हात उभे राहून स्वतःची सावली मोजली. ती साडेएकोणीस पावले भरली. इटलीत त्या दिवसांत सावली याच्या निम्मीही नसते, हे त्याला ठाऊक होते. आपण घरापासून किती दूर आलो आहोत, याचे ते एक मोजमापच होते.

या वर्षांत त्याच्या हातून पुष्कळ काम झाले. चर्चमध्ये वर्षभर वाचावयाच्या प्रवचनांचा त्याने केलेला संग्रह कित्येक शतके वापरात राहिला. फेस्टसच्या प्राचीन लॅटिन शब्दकोशाचा त्याने केलेला संक्षेप आज अमोल ठरला आहे, कारण मूळ कोशाची उरलेली एकमेव प्रत अर्धीमुर्धी आणि जळकी आहे. राजघराण्यातील स्त्रियांचे समाधिलेख त्याने लिहिले. मेट्झच्या बिशपांचा इतिहासही लिहिला. लोम्बार्ड राज्याच्या अखेरीबद्दल त्याने जे काही लिहिले, ते या जेत्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सापडते, तेही अगदी थोडक्यात : शार्लमेनने लोम्बार्डांना जिंकले आणि विजयानंतर दयेने वागवले. भाऊ कैदेत असलेल्या माणसाने हे लिहिले. त्यात खुशामत किती, कृतज्ञता किती आणि सुटकेची आशा किती, याची वाटणी करणे अवघड आहे.

त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांच्या आत दक्षिण इटलीत एक दंतकथा रूढ झाली. पॉलने आपल्या जुन्या राजासाठी शार्लमेनला मारण्याचा कट केला. दरबाऱ्यांनी त्याचे हात तोडण्याचा आग्रह धरला. तेव्हा इतका चांगला लिहिणारा हात पुन्हा कोठून मिळणार, असे म्हणून शार्लमेनने त्याचे हात तोडू दिले नाहीत, अशी ती कथा. ती ऐतिहासिक नाही. पण आपल्या इतिहासकाराने जेत्याची चाकरी निमूटपणे केली, हे लोम्बार्डांच्या वंशजांना सहन होत नव्हते, एवढे तीवरून दिसते.

पॉल ७८७ च्या सुमारास मोंते कासिनोला परतला. याच वर्षी शार्लमेन बेनेव्हेंतोवर चालून आला आणि आरेकिसला शरण जावे लागले. काही महिन्यांत आरेकिस आणि त्याचा थोरला मुलगा असे दोघेही वारले; दुसरा मुलगा फ्रँकांकडे ओलीस होता. एकेकाळच्या आपल्या शिष्येच्या पतीचा समाधिलेख पॉलनेच लिहिला. त्यानंतरच्या शांत वर्षांत, डोंगरमाथ्यावरच्या त्या मठात, त्याने लोम्बार्डांचा इतिहास लिहायला घेतला.

सहा भागांच्या या ग्रंथासाठी त्याने जुनी वंशगाथा, ट्रेंटोच्या सेकुंडसचे आता लुप्त झालेले टिपण, तूरचा ग्रेगरी, इंग्लंडचा बीड अशी साधने वापरली आणि घराघरांतून ऐकलेल्या कथाही घेतल्या. ज्या कथेवर त्याचा विश्वास नव्हता, तीही त्याने टाकली नाही. लढाईपूर्वी स्त्रियांनी मोकळे केस दाढीसारखे तोंडाभोवती बांधले आणि वोडान देवाने या लांब दाढीवाल्यांविषयी पृच्छा केली, त्यावरून लोम्बार्ड हे नाव पडले, ही कथा हास्यास्पद आहे असे बजावून त्याने ती सविस्तर दिली. आपल्या लोकांचे खून, फितुरी, भाऊबंदकी त्याने झाकली नाही आणि त्यांचा पराक्रमही कमी लेखला नाही. त्याच्या तारखा पुष्कळदा चुकतात. तरीही त्याचा ग्रंथ नसता, तर लोम्बार्ड आपल्याला त्यांच्या शत्रूंच्या पत्रांतून, म्हणजे केवळ लुटारू म्हणून माहीत झाले असते. पॅनोनियाहून इटलीत झालेल्या स्थलांतराच्या त्याच्या कथनाला आता विज्ञानाचाही आधार मिळू लागला आहे. हंगेरीतील आणि तुरिनजवळील सहाव्या शतकातील दफनभूमींतील सांगाड्यांच्या जनुकीय अभ्यासाने २०१८ मध्ये उत्तरेकडून आलेल्या कुळांचा माग दाखवला.

हा इतिहास ७४४ मध्ये, ल्युटप्रांडच्या मृत्यूशी येऊन थांबतो. राज्य बुडाले ७७४ मध्ये. मधली तीस वर्षे, म्हणजे जी पॉलने स्वतः पाहिली होती, ज्या राजांना तो ओळखत होता, ज्या पेल्याला त्याने पाहिले होते, ती त्याने लिहिलीच नाहीत. काहींच्या मते मृत्यूने त्याला गाठले. त्याला आधार आहे, कारण पावियाच्या एका बिशपाचा चमत्कार आपण पुढे योग्य स्थळी सांगू, असे आश्वासन तो शेवटच्या पानांत देतो आणि ते स्थळ येत नाही. काहींच्या मते त्याने जाणूनबुजून लेखणी ठेवली. लोम्बार्डांची बाजू घेतली तर शार्लमेन दुखावणार, शार्लमेनची घेतली तर आदेलपेर्गा. या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग होता आणि तो म्हणजे राज्य वैभवात असतानाच कथा संपवणे.

पॉलचे निधन १३ एप्रिल रोजी, बहुधा ७९९ मध्ये झाले. त्याचा शिष्य हिल्डेरिक याने त्याचा समाधिलेख रचला. पुढच्याच वर्षी नाताळात शार्लमेन रोममध्ये सम्राट झाला. बेनेव्हेंतोचे लोम्बार्ड राजे मात्र १०७७ पर्यंत टिकले. संत जॉनचे एक स्तोत्र परंपरेने पॉलच्या नावावर आहे. अकराव्या शतकात आरेझोच्या ग्वीदो या संगीतशिक्षकाने त्याच्या ओळींच्या आरंभीची अक्षरे घेऊन स्वरांना नावे दिली. पाश्चात्त्य संगीतातील दो-रे-मी ती हीच. त्यातील दो पूर्वी उत होता.

लोम्बार्डांची भाषा लोपली. मिलानभोवतीचा प्रांत आजही लोम्बार्डी म्हणवतो. त्या भागातून आलेल्या सावकारांमुळे लंडनच्या एका रस्त्याला लोम्बार्ड स्ट्रीट हे नाव मिळाले. आपल्या फ्लॅटची बाल्कनीही इटालियनमधून आली आणि तिचे मूळ तुळई या अर्थाच्या लोम्बार्ड शब्दात असल्याचे मानले जाते. मोंते कासिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात पुन्हा जमीनदोस्त झाला, तेव्हा डोंगराच्या उतारावर भारतीय सैन्याची चौथी डिव्हिजन लढत होती. युद्धानंतर तो मठ पुन्हा बांधण्यात आला. पॉलच्या चिविदालेसह लोम्बार्डांच्या सात ठिकाणांना युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पॉलच्या ग्रंथाचे शेवटचे वाक्य ल्युटप्रांडविषयी आहे. शांतता जपणारा, दयाळू, कायदे वाढवणारा राजा, असे त्याचे गुण सांगत ते वाक्य अखेरीस एका गोष्टीवर येऊन थांबते. या राजाने फ्रँक आणि आवार यांच्याशी असलेला सलोखा सदैव अत्यंत काळजीपूर्वक राखला, असे पॉल लिहितो. आवारांनी त्याच्या पणजोबांना गुलाम करून नेले होते. फ्रँकांनी त्याच्या भावाला. दोन्ही शत्रू ज्या राजाच्या काळात सीमेपलीकडे शांत राहिले, त्या राजापाशी पॉलने आपला इतिहास संपवला.